फौजेतले संस्कार आणि पंथाची दीक्षा यांत फरक नेमका कोठे आहे?

माणदेशी फौजी (प्रश्नकर्ता)

सर्वांना नमस्कार. 26 वर्षे पायदळात नोकरी करून 2023 साली मी नायब सुभेदार म्हणून निवृत्त झालो. पलटणीचे नाव लिहीत नाही, कारण पुढे जे लिहिणार आहे ते एखाद्या पलटणीविषयी नाही. शिवाय खरे सांगायचे तर अशा मजकुरात ते नाव लिहिताना माझा हात अडखळतो, आणि तो का अडखळतो हा माझ्या प्रश्नाचाच एक भाग आहे.

निमित्त घरातलेच झाले. माझी मुलगी पुण्यात मानसशास्त्र शिकते. दिवाळीत सगळे जेवायला बसलो असताना, अग्निवीर भरतीसाठी रोज पहाटे सोळाशे मीटर धावणाऱ्या पुतण्याला मी माझ्या रंगरूटीच्या गोष्टी सांगत होतो. पहिल्याच दिवशी सगळ्यांची डोकी सारखी भादरली गेली. अंगावरचे घरचे कपडे पेटीत बंद होऊन ती पेटी कोठारात गेली. उस्ताद, म्हणजे आमचे प्रशिक्षक, आम्हांला नावाने हाक न मारता नंबराच्या शेवटच्या आकड्यांनी मारत असत आणि महिनाभरात आम्हीही एकमेकांना तसेच ओळखू लागलो. घरी पत्र लिहायला कोणाची मनाई नव्हती, परंतु रात्री दिवे मालवण्यापूर्वी पत्र लिहिण्याइतके त्राण अंगात उरत नसे. एकाची चूक झाली की सगळ्या प्लाटूनला रगडा, म्हणजे अंगमेहनतीची शिक्षा, मिळे, त्यामुळे चूक करणाऱ्याचा राग उस्तादाआधी आम्हांलाच येई. ‘सिव्हिल’ हा शब्द आम्ही ढिलेपणाच्या अर्थाने वापरायला शिकलो: बुटाला पॉलिश नसेल तर तो सिव्हिल, रांगेत हलला तर तो सिव्हिल. आणि मग शेवटी कसम परेड झाली, निशाणासमोर आणि आपापल्या धर्मग्रंथासमोर हात पुढे करून शपथ घेतली, आणि ज्या उस्तादांना नऊ महिने मनात शिव्या दिल्या त्यांच्या गळ्यात पडून आम्ही रडलो. हे सारे मी मोठ्या हौसेने सांगत होतो. मुलगी शांतपणे म्हणाली, “बाबा, हे तुम्ही एखाद्या कल्टचे वर्णन करताय असे वाटते.”

मी ताटावरून उठलो. ती माझी चूक होती आणि दुसऱ्या दिवशी मी तिला तसे सांगितले. परंतु त्या रात्री झोप आली नाही. माझ्या शेतीवर, माझ्या राजकीय मतांवर, माझ्या स्वयंपाकावरसुद्धा ती टीका करते आणि मी हसतो. मग याच वाक्याने एवढा संताप का यावा, हे मला उमगेना.

ती म्हणते त्यातले बरेचसे मला मान्य करावे लागते. माणसाला त्याच्या ओळखीच्या जगातून उचलून आणायचे, त्याचे जुने रूप पुसायचे, थकवायचे, नवी भाषा द्यायची, बाहेरच्यांना वेगळे नाव द्यायचे, शपथ द्यायची आणि मग त्याला मोठ्या कुटुंबाचे प्रेम द्यायचे, हा क्रम आमचाही होता. तरीही मन म्हणते की हे सारखे नाही. आमच्या कामाचे स्वरूपच असे आहे की शेजारचा माणूस हलणार नाही याची खात्री असल्याखेरीज कोणी बर्फातल्या चौकीवर पहाऱ्याला उभा राहणार नाही. ती खात्री भाषणांनी येत नाही, ती अशीच घडवावी लागते.

पण एक प्रसंग या युक्तिवादात बसत नाही. 2004 साली आमच्या पलटणीचा नेमबाजीचा संघ ब्रिगेडच्या स्पर्धेसाठी तयार होत होता आणि मी त्या संघात होतो. गावात शेजारच्या दुकानातून भावाचा फोन आला की आबांचे दुखणे वाढले आहे, जमल्यास ये. स्पर्धेला 9 दिवस होते. मी रजा मागितली नाही. कोणी अडवले नव्हते, कोणी अर्ज फेटाळला नव्हता, अर्ज मी केलाच नव्हता. सहाव्या दिवशी वडील गेले. ती लढाई नव्हती, शत्रू समोर नव्हता. एक ढाल होती आणि तिच्यावर पलटणीचे नाव कोरले जायचे होते. त्या वेळी मला त्याचे दुःख झाले, पण पश्चात्ताप झाला नाही, उलट कोठेतरी अभिमान वाटला. तो अभिमान आज मला परका वाटतो.

तेव्हा जाणकारांना विचारतो: सैन्याची नोकरी आणि असा बंदिस्त पंथ यांत रेघ ओढायची झाल्यास ती कोठे ओढावी? देशभक्तीची भाषणे आणि सैन्यावरची शेरेबाजी या दोन्हींची मला गरज नाही. दोन्ही पुष्कळ ऐकली आहेत.

चिकित्सक

नायब सुभेदार साहेब, मी गेली काही वर्षे अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात स्वयंसेवक आहे आणि बुवांच्या नादातून बाहेर पडलेल्या माणसांशी माझे बरेच बोलणे होते, त्या अनुभवावरून लिहितो.

प्रथम शब्दाविषयी. आपल्या मुलीने इंग्रजी शब्द वापरला याचे कारण मराठीत त्याला सरळ प्रतिशब्दच नाही. पंथ म्हटले की नाथपंथ, महानुभाव पंथ आठवतात, संप्रदाय म्हटले की वारकरी. यांतला एकही शब्द आपल्या कानाला शिवीसारखा लागत नाही. ‘बुवाबाजी’ जवळचा आहे, परंतु त्यात फसवणूक आधी येते, आणि फौजेने आपल्याला फसवले असे आपण म्हणत नाही. उलट आपल्या भाषेने हे दोन्ही प्रदेश केव्हाच एकमेकांना जोडून टाकले आहेत. ‘पाईक’ म्हणजे पायदळाचा शिपाई, आणि आज आपण तो शब्द ‘अमक्या विचारांचा पाईक’ असाच वापरतो. तुकोबांचे पाइकीचे अभंग प्रसिद्ध आहेत. धन्यासाठी जिवावर उदार होणाऱ्या शिपायाचे रूपक त्यांनी भक्तासाठी घेतले. म्हणजे आपल्या मुलीला सुचलेले साम्य देहूला सतराव्या शतकातच सुचले होते, फक्त तेथे ते कौतुकाने सुचले होते.

आता लक्षणांकडे वळतो. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट जे लिफ्टन यांनी चीनमधल्या ‘विचारसुधारणे’च्या प्रक्रियेतून गेलेल्या माणसांच्या मुलाखती घेऊन 1961 साली अशा व्यवस्थांची आठ लक्षणे मांडली. त्यांपैकी भोवतालावरचे पूर्ण नियंत्रण, शुद्धतेची मागणी आणि ठरावीक शब्दांनी विचार बांधून टाकणे ही तीन आपल्या वर्णनात अगदी ठळक दिसतात. त्याच वर्षी समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी मनोरुग्णालय, तुरुंग, मठ आणि सैनिकी बराक यांना एकाच प्रकारात घातले आणि केस कापणे, कपडे काढून घेणे, नावाऐवजी क्रमांक देणे हे त्या सर्वांचे प्रवेशविधी असल्याचे दाखवले. तेव्हा आपल्या मुलीचे निरीक्षण निराधार मुळीच नाही.

तथापि लिफ्टन यांच्या यादीतली उरलेली लक्षणे पाहिली तर चित्र बदलते. अंतःकरणातल्या प्रत्येक विचाराची कबुली द्यावी लागणे, संस्थेचे तत्त्वज्ञान हेच अंतिम शास्त्र मानावे लागणे, आणि जो बाहेर आहे त्याला जगण्याचाच अधिकार नाही असे शिकवले जाणे, हे आपल्याकडे होते का? माझ्या समजुतीप्रमाणे जवानाने मनात काय मानावे याची फौजेला फारशी फिकीर नसते, तो वेळेवर रांगेत हजर (फॉलइन) झाला म्हणजे तिचे काम भागते. बुवाला मात्र आतला माणूस हवा असतो.

माझी स्वतःची एक कसोटी आहे, ती कोणत्याही ग्रंथातली नाही. मी विचारतो की त्या ठिकाणी वरच्या माणसाची नक्कल करून हसता येते का? बुवाचा भक्त, अगदी दारे बंद असली तरी, बुवाची नक्कल करू शकत नाही. त्याला घाम फुटतो. माझे मामा तोफखान्यात होते आणि त्यांच्या सुट्टीतला निम्मा वेळ साहेबलोकांच्या नकला करण्यात जाई. जेथे लंगरात (जवानांच्या भोजनगृहात) बसून कमांडिंग ऑफिसरच्या चालण्याची टिंगल करता येते तेथे पंथ पुरता रुजलेला नसतो.

एक गोष्ट मात्र आपल्या बाजूने लिहिता येत नाही. संस्था आपल्या माणसांना बाहेरच्या न्यायापासून किती झाकते, हीदेखील एक कसोटी असते. सशस्त्र दलांना विशेषाधिकार देणाऱ्या 1958 च्या कायद्यानुसार अशांत म्हणून घोषित झालेल्या भागात जवानावर खटला भरायचा झाल्यास केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते. ती तरतूद संसदेने केली आहे, फौजेने नव्हे, तरीही पीडिताच्या बाजूने पाहिल्यास दार बंदच दिसते.

आपल्या वडिलांचा प्रसंग मात्र मला केस कापण्यापेक्षा पुष्कळ अधिक बोलका वाटतो. त्याविषयी घाईने काही लिहिणार नाही.

पन्हाळ्याची सून

भाऊ, तुमचा प्रश्न वाचून मी आधी आमच्या माळ्यावरची काळी पेटी पाहून आले. तिच्यावर पांढऱ्या रंगात आमच्या यजमानांचा नंबर, हुद्दा, नाव, युनिट सगळे आहे आणि आत सध्या कुरडया आहेत. ते हवालदार म्हणून निवृत्त झाले.

चिकित्सक यांनी लिहिलेले विद्वत्तेचे आहे, पण त्यात रजेचा हिशेब नाही आणि आमचा सारा संसार त्या हिशेबावर चालला. जवानाला वर्षाला 60 दिवसांची वार्षिक आणि 30 दिवसांची नैमित्तिक रजा असते. कागदावर वर्षाचा चौथा हिस्सा होतो. ज्या पंथातून दरवर्षी माणूस तीन महिने घरी येऊन भात लावतो, सासऱ्यांशी भांडतो, सिनेमा पाहतो आणि मग स्वतःच्या पायांनी परत जातो, त्याला बंदिस्त कसे म्हणायचे? हा माझा पहिला विचार होता.

दुसरा विचार तितका सोयीचा नाही. ते तीन महिने घरी असत तेव्हा खरेच घरी असत का? पहिले आठ दिवस त्यांना आमचे सगळे चुकीचे दिसे. शेवटचे आठ दिवस ते मनाने परत गेलेले असत. गावात लग्नाला उशीर झाला की “हे सिव्हिलवाले” असे शब्द त्यांच्या तोंडून निघत आणि माझे वडील, ज्यांनी आयुष्यभर एसटीत कंडक्टरकी केली आणि एकदाही उशिरा ड्युटीवर गेले नाहीत, ते खाली मान घालून हसत. ते हसणे मला अजून दिसते.

आणि दीक्षा फक्त नवऱ्यालाच मिळते असे समजू नका. क्वार्टरमध्ये राहायला गेले तेव्हा मी एकवीस वर्षांची होते. तेथे बायकांच्या सभा होत आणि खुर्च्यांचा क्रम नवऱ्याच्या हुद्द्यावर ठरे. माझ्यापेक्षा कमी शिकलेल्या बाईसमोर मी उभी राहत असे, कारण तिचे यजमान सुभेदार होते. दोन वर्षांनी यजमानांना बढती मिळाल्यावर एक नवीन मुलगी माझ्यासमोर उभी राहिली, तेव्हा मला बरे वाटले. मला बरे वाटले, हे तुमच्या मुलीला सांगा. तिच्या अभ्यासाला उपयोगी पडेल.

तुमच्या आबांविषयी एवढेच लिहिते की माझ्या सासूबाई गेल्या तेव्हा यजमान सीमेवर होते आणि तार पोहोचून ते येईपर्यंत दहावा उरकला होता. त्यांना यायचे होते आणि येता आले नाही. तुम्हांला येता आले असते. या दोन गोष्टींना गाव एकच नाव देते, त्याग. घरातल्या बाईला त्या वेगळ्या दिसतात.

माणदेशी फौजी

ताई, शेवटची दोन वाक्ये मी तीनदा वाचली. आपल्याला उत्तर देण्याची माझी तयारी अजून नाही. बाकीच्यांचे लिहिणे चालू राहू द्यावे ही विनंती.

सागरचा जवान

मी महार रेजिमेंटमध्ये 17 वर्षे होतो, गाव मराठवाड्यातले. वरच्या सगळ्या लिखाणात एक गृहीत आहे की फौजेत जाण्यापूर्वी माणसाजवळ एक मोकळी, स्वतःची ओळख असते आणि प्रशिक्षण केंद्र ती हिरावून घेते. माझ्या बाबतीत हे गृहीतच चुकते.

मी गावात पाण्याला, दुकानाला, शाळेत कोठेही गेलो तरी माझी ओळख माझ्याआधी तेथे पोहोचलेली असे. नाव विचारले की लगेच आडनाव विचारत, आडनाव कळले की पुढचे बोलणे बदले. ज्या दिवशी मध्य प्रदेशातल्या सागरच्या प्रशिक्षण केंद्रात माझे डोके भादरले आणि मला एक नंबर मिळाला, त्या दिवशी इतरांना काय वाटले ते मला ठाऊक नाही, मला हलके वाटले. नंबराला आडनाव नसते. लंगरात पंगतीला बसलो, वाढणारा कोण आणि जेवणारा कोण याचा विचार करायला वेळच नव्हता, कारण दहा मिनिटांत शिट्टी होणार होती. ज्याला आपण व्यक्तित्व पुसणे म्हणता त्यात माझ्या वाट्याला आलेला एक जुना शिक्काही पुसला गेला. शब्दांनी विचार बांधणे, शुद्धतेची मागणी, बाहेरच्याला कमी लेखणे ही चिकित्सक यांनी सांगितलेली लक्षणे मी गावात जन्मापासून पाहिली होती, आणि तेथून वार्षिक रजा मिळत नव्हती.

या नात्याला इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी लढवय्या जातींचे खूळ डोक्यात घेऊन महारांची भरती बंद केली तेव्हा फौजेतून निवृत्त झालेले समाजसुधारक गोपाळबाबा वलंगकर यांनी अर्ज केले. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार होते आणि बाबासाहेबांचा जन्म महूच्या लष्करी छावणीत झाला. पुढे दुसऱ्या महायुद्धात, ऑक्टोबर 1941 मध्ये, बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. माणसे एखाद्या पंथात शिरण्यासाठी सरकारकडे पन्नास वर्षे अर्ज करत नाहीत. ती पगार, पेन्शन, शाळा आणि मान यांच्यासाठी करतात. आमच्या घरात पहिला शिकलेला माणूस निर्माण झाला तो आजोबांच्या पलटणीच्या शाळेमुळे.

हे सगळे लिहून झाल्यावर दुसरी बाजू न लिहिणे अप्रामाणिक ठरेल. जी संस्था जुना शिक्का पुसू शकते ती आपल्याला हवी असलेली आठवणही पुसू शकते. आमच्या रेजिमेंटच्या टोपीवरच्या चिन्हात आरंभी कोरेगावचा स्तंभ होता. पुढे तो जाऊन खंजीर आला. कारणे समजण्यासारखी आहेत, तो इंग्रजांच्या विजयाचा स्तंभ होता. पण मला रंगरूट असताना हे कोणी सांगितले नाही, मी ते निवृत्त झाल्यावर वाचले. आणि जातीची नावे पुसणाऱ्या या फौजेने मराठा, जाट, राजपूत, डोगरा ही रेजिमेंटची नावे मात्र जपून ठेवली आहेत, हेही लक्षात घ्यावे. तिला एकसारखी माणसे हवी असतात आणि कुळाचा अभिमानही हवा असतो. दोन्ही एकाच वेळी वापरण्याची कला तिला साधली आहे.

निवृत्त होऊन गावी आलो तेव्हा माझे काय झाले, हे वेगळ्या धाग्यात लिहीन. एवढेच सांगतो की पहिल्या आठवड्यात एका वयस्क गृहस्थाने मला “काय रे” म्हणून हाक मारली आणि 17 वर्षांनी प्रथमच माझा हात आपोआप सलामासाठी न उठता मुठीत वळला.

निवृत्त मेजर, पुणे

नायब सुभेदार साहेब, जय हिंद. मी चेन्नईच्या अकादमीतून शॉर्ट सर्व्हिस कमिशन, म्हणजे ठरावीक मुदतीची अधिकारीपदाची नेमणूक, घेऊन आले आणि 14 वर्षे पूर्ण करून 2019 मध्ये बाहेर पडले. बाहेर पडले म्हणजे बाहेर पडावेच लागले, कारण माझ्या शाखेत तेव्हा स्त्रियांना कायमचे कमिशन नव्हते.

आपण रेघ कोठे ओढावी असे विचारता. आत काय घडते यावरून ती ओढता येईल असे मला वाटत नाही, कारण आतल्या क्रिया खरोखरच पुष्कळ सारख्या आहेत आणि तसे नाही म्हणणारे अधिकारी एक तर विसरले आहेत किंवा त्यांना मानसशास्त्र शिकणारी मुलगी नाही. मी संस्थेच्या कडा पाहते. आपली शपथ आठवा. आपण संविधानाशी निष्ठेची शपथ घेतली; राष्ट्रपतींचे आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांचे आदेश जिवाचा धोका पत्करून पाळण्याचेही वचन दिले, परंतु कोणा एका माणसाच्या नावाने नाही. हा फरक कागदी वाटेल. ऑगस्ट 1934 मध्ये जर्मनीचे राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांच्या मृत्यूनंतर जर्मन सैनिकांना हिटलरच्या नावाने व्यक्तिशः शपथ देण्यात आली, आणि पुढे कित्येक जर्मन अधिकारी त्या शपथेचेच कारण देऊन गप्प बसले. शपथेत कोणाचे नाव आहे यावर फौजेचे पुढचे भवितव्य ठरू शकते. 1950 च्या आर्मी अ‍ॅक्टमध्ये आज्ञाभंगाचे जे कलम आहे त्यातही ‘कायदेशीर आदेश’ असे शब्द आहेत. रगड्याच्या मैदानावर रंगरूट हा शब्दार्थ तपासत बसत नाही हे मला ठाऊक आहे. पण तो शब्द तेथे आहे आणि न्यायालयात त्याचा उपयोग होतो.

आपला कमांडिंग ऑफिसर दोन-अडीच वर्षांनी बदलत असे. जवान जीपला दोर बांधून ती ओढत त्याला निरोप देतात, डोळ्यांत पाणी असते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या साहेबाला तेच सॅल्यूट मिळते. एखाद्या बुवाच्या मठात दर अडीच वर्षांनी बुवा बदलून पाहा, मठ उरणार नाही.

माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट न्यायालयाची आहे. वैद्यकीय सेवा सोडून इतर शाखांत स्त्रियांना 1992 पासून अधिकारी म्हणून घेतले गेले, पण कायम कमिशनसाठी आमच्यातल्या काहीजणी वर्षानुवर्षे सरकारविरुद्ध खटला लढल्या. ग्रामीण पार्श्वभूमीचे जवान स्त्री कमांडर स्वीकारण्यास मनाने तयार नाहीत, असा युक्तिवाद सरकारतर्फे झाला. साहेब, मी अशाच जवानांबरोबर 14 वर्षे काम केले होते. ते वाक्य वाचून मला त्यांचा माझ्यापेक्षा जास्त अपमान झाल्यासारखे वाटले. 17 फेब्रुवारी 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल स्त्रियांच्या बाजूने दिला, आणि मूल्यमापनाचे निकषच भेदभाव करणारे असल्याचे मार्च 2021 मध्ये पुन्हा सांगितले. या काळात खटला लढणाऱ्या स्त्रिया सकाळी वर्दी घालून त्याच फौजेत कामावर जात होत्या. आपल्या गुरूवर खटला भरून, जिंकून, दुसऱ्या दिवशी त्याच आश्रमात हजेरी लावणारा शिष्य मी तरी ऐकलेला नाही. माझ्यापुरते म्हणाल तर निकाल काही महिने उशिरा आला.

पण जेथे मला स्वतःला रेघ पुसट होताना दिसते तो प्रसंगही लिहिते. एका रणगाडा रेजिमेंटमधल्या ख्रिस्ती अधिकाऱ्याने आपल्या जवानांबरोबर मंदिर-परेडला (जवानांच्या सामूहिक पूजेला) जाण्याची तयारी दाखवली, परंतु गाभाऱ्यात शिरून विधीत भाग घेण्यास नकार दिला. त्याला बडतर्फ करण्यात आले. दिल्ली उच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये ती बडतर्फी कायम ठेवली आणि सर्वोच्च न्यायालयानेही नोव्हेंबरमध्ये हस्तक्षेप केला नाही. मी स्वतः मंदिरात, गुरुद्वारात, सर्व धर्म स्थळात जवानांबरोबर डोके टेकवले आहे आणि ते मला कधी जड गेले नाही. माझ्या जवानांचा देव तो माझा देव, ही परंपरा मला सुंदर वाटते. परंतु सुंदर वाटणे आणि सक्तीचे असणे यांत अंतर आहे. चिकित्सक म्हणतात की फौजेला आतला माणूस नको असतो, तिला कृती पुरते. बहुतेक वेळा ते खरे आहे. या प्रकरणात तिला त्याहून थोडे अधिक हवे होते, असे माझे मत आहे, आणि माझे अनेक सहकारी माझ्याशी सहमत नाहीत.

आपण अर्ज केला नाही, याविषयी एक विचारते. त्या वेळच्या आपल्या कंपनी कमांडरला आपल्या वडिलांच्या दुखण्याची खबर होती का?

माणदेशी फौजी

मॅडम, जय हिंद. आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक नव्हते. इतक्या वर्षांत तो प्रश्न मला पडलाच नव्हता, हे लिहिताना लाज वाटते.

आधी बाकीच्यांना थोडक्यात उत्तर देतो. चिकित्सक, नकलांची कसोटी मला पटली. आम्ही सुभेदार मेजर साहेबांची नक्कल करत असू आणि एकदा ते दारात उभे राहून पाहत होते, हसले आणि मग सगळ्यांना रगडा दिला. सागरचे बंधू, आपण लिहिले ते मी पुतण्याला मोठ्याने वाचून दाखवले. आमच्या गावात फौजी पुष्कळ झाले, परंतु आपल्या बाजूने हा प्रश्न कोणी मांडलेला मी ऐकला नव्हता, आणि माझ्याच पलटणीतल्या कोणाला तसे हलके वाटले असेल का, याचा विचार करत बसलो.

काल मी जुन्या डायरीतून नंबर शोधून आमच्या त्या वेळच्या कंपनी हवालदार मेजरना फोन केला. ते आता सत्तरीला आले आहेत, आवाज तसाच आहे. मी विचारले की 2004 च्या स्पर्धेआधी माझ्या घरची अडचण कोणाला कळली होती का. ते म्हणाले की हो, माझ्या बराकीतल्या एकाने सांगितले होते, कंपनी कमांडर साहेबांनी रजेचा कागद तयार ठेवायला सांगितला होता आणि संघात माझ्या जागी दुसऱ्याचे नावही काढून ठेवले होते. मी येऊन मागेन म्हणून दोन दिवस वाट पाहिली, मी आलो नाही, तेव्हा साहेब म्हणाले की त्याची इच्छा आहे तर खेळू द्या.

मी काही बोललो नाही तेव्हा त्यांना वाटले की मी जुन्या आठवणींनी भारावलो आहे. त्यांनी पुढे सांगितले की नंतर केंद्रात उस्ताद म्हणून बदली झाल्यावर ते रंगरूटांच्या प्रत्येक तुकडीला माझी गोष्ट सांगत असत, बाप मरणाला टेकला होता तरी ज्याने निशाण सोडले नाही तो जवान म्हणून. तीन वर्षे सांगितली, म्हणाले.

मी त्यांना धन्यवाद दिले आणि तब्येतीची चौकशी करून फोन ठेवला. मुलगी या शनिवारी घरी येणार आहे. तिला अजून सांगितलेले नाही.